पुस्तकातलं बटण माझ्या कॉम्प्युटरवर का नाही?

मागे एका अंकात मी जाता जाता लिहून गेले की फोटो एडिटिंग मी पुस्तकं समोर उघडी ठेवून शिकले, व्हिडिओ वगैरे फार नंतर बघितले. त्यावर एवढे मेल आलेत की यावेळचा कॉलम त्यालाच दिलाय. बरीचशी पत्रं एकाच रडगाण्याची होती ती एकत्र केलीत, आणि मोबाईल ॲपमधल्या फिल्टरबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांना जरा थांबावं लागेल.

प्रश्न : ताई नमस्कार. रिटायर झाल्यावर कॅमेरा घेतला. भाच्याने त्याच्याकडची फोटोशॉप आणि लाइटरूमची दोन जाडजूड पुस्तकं दिली, दोन्ही २०१० च्या आसपासची. सॉफ्टवेअर मात्र आत्ताचं आहे. पुस्तक म्हणतं 'रिकव्हरी'चा स्लायडर ओढा, तो मला सापडतच नाही. शिफ्ट दाबून लेयर लहान करा म्हणतं, तसं केलं तर माणसं चपटी होतात. जेपेग सेव्ह करायला गेलो तर यादीत जेपेगच नाही. दोन आठवडे मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. पुस्तकं रद्दीत घालू का?

उत्तर : काका, थांबा, रद्दीत नका घालू. आणि तुमचं काहीही चुकत नाहीये, तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी सॉफ्टवेअरने मधल्या काळात बदलल्यात आणि बिचाऱ्या पुस्तकाला ते कळायचा काही मार्ग नाही.

रिकव्हरीचं आधी सांगते. २०१२ मध्ये लाइटरूम ४ आलं तेव्हा टोन बदलायचे स्लायडरच नव्याने मांडले. रिकव्हरी गेला, त्याच्या जागी हायलाइट्स आला, फिल लाइट गेला, त्याचं काम आता शॅडोज करतो, आणि ब्राइटनेस नावाचा जो होता तो एक्सपोजरमध्येच विरघळला म्हणा. त्यात गंमत अशी की जुना रिकव्हरी शून्यापासून फक्त उजवीकडे जायचा, आताचा हायलाइट्स दोन्हीकडे जातो आणि भगभगीत भाग शांत करायला तो डावीकडे ओढायचा. म्हणजे पुस्तकातलं 'रिकव्हरी ४०' वाचून तुम्ही हायलाइट्स अधिक ४० केलात तर आभाळ आणखीनच पांढरंफटक होणार. शिवाय जुन्या व्हर्जनमध्ये रॉ फोटो (कॅमेऱ्याने रंग पक्के न करता ठेवलेली कच्ची फाइल) उघडल्या उघडल्या ब्राइटनेस ५०, काँट्रास्ट २५ असे आकडे आधीच भरलेले असायचे, आता सगळे शून्यावर असतात. त्यामुळे त्या धड्यातले आकडे जसेच्या तसे घेऊन उपयोगच नाही, सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून आहे.

शिफ्टचं तर उलटंच झालंय. पूर्वी फोटोशॉपच्या फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये (लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, लहान-मोठे करायची सोय) लांबी-रुंदीचं प्रमाण राखायला शिफ्ट दाबून कोपरा ओढायचा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जे व्हर्जन आलं (नाव सीसी २०१९) त्यापासून प्रमाण आपोआप राखलं जातं आणि शिफ्ट दाबलं की ते मोडतं. म्हणून तुमची माणसं चपटी. अहो मी स्वतः वर्षभर चपटी करत होते, बोटांना सवय. त्याच व्हर्जनपासून कंट्रोल झेड पण बदललं, आधी ते फक्त शेवटची एक स्टेप मागे-पुढे करायचं आणि आणखी मागे जायला कंट्रोल ऑल्ट झेड लागायचं, आता कंट्रोल झेडच दाबत सुटायचं.

जेपेगचं म्हणाल तर मे २०२१ पासून 'सेव्ह ॲज'मध्ये फक्त लेयर वगैरे सांभाळणारे फॉरमॅट दिसतात, लेयर असलेल्या फाइलचं जेपेग करायचं असेल तर शेजारचं 'सेव्ह अ कॉपी'. लोकांनी आरडाओरडा केल्यावर प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली जुनी पद्धत चालू करायची सोय दिली, पण मी म्हणते नवीनच शिका, आज ना उद्या करायचंच आहे.

आता पुस्तकात शिळं काय आणि ताजं काय ते बघा. लेयर फोटोशॉपमध्ये १९९४ पासून आहेत, ॲडजस्टमेंट लेयर (मूळ फोटोला हात न लावता उजेड-रंग बदलणारा थर) १९९६ पासून, लेव्हल्स आणि कर्व्ह्ज ही उजेड-काळोख बदलायची टूल्स तर त्याच्याही आधीपासून, आणि ह्यांचं काम करायचं तत्त्व काडीचंही बदललेलं नाही. हे धडे तुमच्या जुन्या पुस्तकात असतील तर ते आरामात वाचा, उलट जुन्या पुस्तकांत ते जास्त नीट समजावलेले असतात कारण तेव्हा एका क्लिकमध्ये काही व्हायचं नाही. शिळं म्हणजे केस सिलेक्ट करायचे ते बारा-बारा पानी धडे, आभाळ बदलायचे धडे, वेबसाइटसाठी गॅलरी बनवायचे धडे आणि मागच्या खिशातली सीडी, ती तुमच्या लॅपटॉपला ड्राइव्ह असला तर घाला नाहीतर सोडून द्या. आणि हातात पेन्सिल घेऊन बसा काका. जिथे नाव बदललंय तिथे समासात नवीन नाव लिहायचं. महिन्याभरात ते पुस्तक तुमच्या कॉम्प्युटरचं होईल, आणि भाच्याला परत देऊ नका.

प्रश्न : मी पक्ष्यांचे फोटो काढतो. पुस्तकात स्टेप बाय स्टेप जे आकडे दिलेत ते अगदी तेच टाकतो, दशांश चिन्हासकट, तरी माझा फोटो पुस्तकातल्यासारखा होत नाही. एकतर काहीच फरक पडत नाही नाहीतर भयंकर दिसतो. खरं सांगू का, पुस्तकातल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोतही मला बऱ्याचदा फरक दिसत नाही. डोळे तपासून घेऊ का?

उत्तर : डोळे ठीक आहेत रे तुझे. आकडे लेखकाच्या फोटोचे आहेत, तुझ्या नाहीत, एवढंच झालंय.

शार्पनिंगचं उदाहरण घे, पक्ष्यांवाल्यांचा तो आवडता विषय. समज पुस्तकात अनशार्प मास्कला (कडा ठळक करायचं टूल, नावाची गोष्ट पुढे येतेच) रेडियस १.५ दिलाय. हा आकडा पिक्सेलमध्ये असतो, म्हणजे प्रत्येक कडेच्या दोन्ही बाजूंना साधारण एवढ्या पिक्सेलपर्यंत उजेड-अंधार वाढवा. लेखकाचा कॅमेरा ६ मेगापिक्सेलचा होता तर त्याचा फोटो ३००० पिक्सेल रुंद, तुझा २४ मेगापिक्सेलचा असेल तर ६००० रुंद. त्याच्या फोटोत दीड पिक्सेलची कडा जेवढी जाड दिसत होती त्याच्या निम्मी तुझ्यात दिसणार, मग तू म्हणणार काही फरकच पडला नाही. आणि उलटंही होतं, तू पक्षी लांब होता म्हणून फोटो कापून कापून १२०० पिक्सेलवर आणलास आणि तिथे तेच आकडे टाकलेस की पिसांना पांढरी किनार आलीच, कोणीतरी खडूने रेघ ओढल्यासारखी.

दुसरं, लेखक रॉ फाइलवर काम करतोय आणि तू बहुतेक जेपेगवर. कसं ओळखलं सांगते, तुझ्या मेलमध्ये पुढे एक ओळ आहे की 'टेम्परेचर ५२०० करा म्हणतात पण माझा स्लायडर शंभराच्या पुढे जातच नाही'. रॉ फाइलला लाइटरूम केल्व्हिनचे आकडे दाखवतं, जेपेगला दाखवू शकत नाही कारण रंग कॅमेऱ्यानेच शिजवून पक्के केलेले असतात, म्हणून तिथे उणे १०० ते अधिक १०० अशी नुसती पट्टी मिळते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. लेखकाने पांढऱ्या ढगातून सुंदर पोत बाहेर काढला तो त्या जास्तीच्या पायऱ्यांतून. तुझ्या जेपेगमधला ढग जर तिन्ही रंगात भरून गेलेला असेल तर तिथे काढायला काही शिल्लकच नाही, हायलाइट्स कितीही खाली ओढ, पांढऱ्याचा राखाडी होईल बस. हे तपासायला सोपंय, ढगावर माउस ने आणि हिस्टोग्रामखालचे (उजेडाचा तो डोंगरासारखा आलेख) आर जी बी चे, म्हणजे लाल-हिरवा-निळ्याचे, आकडे बघ, तिन्ही १०० टक्के दिसले तर तो ढग विसर आणि पुढचा फोटो घे. आणि कॅमेऱ्यात रॉ चालू कर, आजच.

आता 'आधी' आणि 'नंतर'. छापील पानावरचा फोटो म्हणजे चार शाईंचे बारीक ठिपके. शार्पनिंगचा एक-दोन पिक्सेलचा फरक त्या ठिपक्यांत हरवून जातो, आणि स्क्रीनवर झगझगणारे निळे-हिरवे रंग त्या शाईत येतच नाहीत. त्यामुळे नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके), शार्पनिंग आणि रंगांचा तजेला ह्या तीन विषयांचे फोटो पुस्तकात बघून काही कळत नाही, लेखकाने कितीही 'बघा केवढा फरक' लिहिलं तरी. मला स्वतःला हे धडे वाचताना फार अपराधी वाटायचं, सगळ्यांना दिसतंय आणि मलाच नाही. बऱ्याच पुस्तकांच्या प्रकाशकांनी सरावाच्या फाइल डाउनलोडला ठेवलेल्या असतात, पहिल्या काही पानांत पत्ता असतो जो आपण कधीच वाचत नाही. त्या उतरवून घे, निदान त्या फाइलवर आकडे जुळतील.

आणि स्वतःच्या फोटोवर कसं करायचं तर असं. पुस्तकातला आकडा टाक, बघ. मग तो स्लायडर एकदा पूर्ण टोकाला ने, फोटो घाण दिसेपर्यंत, मग दुसऱ्या टोकाला. स्लायडर नेमका काय बिघडवतो ते एकदा कळलं की काय सुधारतो ते आपोआप दिसायला लागतं. मग हळूहळू मागे ये आणि जिथे बरं वाटेल तिथे थांब. लाइटरूमच्या शार्पनिंगमध्ये मास्किंग नावाचा स्लायडर आहे तो ऑल्ट दाबून ओढून बघ, फोटो काळा-पांढरा होतो, पांढऱ्या भागात शार्पनिंग लागणार, काळ्यात नाही. पक्ष्याची पिसं आणि डोळा पांढरा राहिला आणि मागचं धूसर आभाळ काळं झालं की सोड. तिथे आकडा ६० आला की ८५ हे बघायची गरजसुद्धा नाही. हां, शार्पनिंग बघताना झूम १०० टक्के हवा, पूर्ण फोटो स्क्रीनवर मावलेला असताना केलेलं शार्पनिंग म्हणजे अंधारात केलेला मेकअप.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय लेयर मास्कवर काळ्या ब्रशने रंगवा म्हणजे तेवढा भाग लपेल. मी रंगवते तर फोटोवर काळे फराटे उमटतात. चार वेळा पहिल्यापासून केलं.

उत्तर : लेयर पॅनलमध्ये एकाच ओळीत दोन छोटी चित्रं शेजारी शेजारी आहेत ना, डावीकडे फोटोचं आणि उजवीकडे पांढरा चौकोन तो मास्क. ज्याच्याभोवती बारीक चौकट आहे त्याच्यावर तुमचा ब्रश चालतो. तुमची चौकट फोटोवर आहे. पांढऱ्या चौकोनावर एक क्लिक करा आणि मग रंगवा. पुस्तकं हे एका अर्ध्या वाक्यात सांगून पुढे पळतात आणि माझ्या माहितीतल्या प्रत्येकाचा इथे पाय घसरलाय. चुकून जास्त लपलं तर एक्स दाबा, ब्रश पांढरा होतो, पुसलेलं परत येतं. मास्कमध्ये काहीच खोडलं जात नाही, फक्त झाकलं जातं, म्हणून तर हा सगळा खटाटोप, नाहीतर खोडरबर काय वाईट होता.

प्रश्न : आधी फोटोशॉपचं पुस्तक घ्यावं की लाइटरूमचं? बजेट एकाचंच आहे.

उत्तर : फोटो तुम्ही काढता आणि ते उजळ, सरळ, नीट दिसावेत एवढंच हवंय तर लाइटरूमचं. दोन फोटो जोडायचे, कोणाच्या मागचा खांब काढायचा, अक्षरं टाकायची असं असेल तर फोटोशॉपचं. पण विकत घेण्याआधी मुखपृष्ठ दोनदा वाचा. २०१७ पासून लाइटरूम दोन आहेत, एक लाइटरूम क्लासिक, जुनं, कॉम्प्युटरवर फोल्डर-बिल्डर असलेलं, आणि दुसरं नुसतं लाइटरूम जे फोटो क्लाउडवर ठेवतं. दोघांची मांडणी वेगळी आहे आणि एकाचं पुस्तक दुसऱ्यावर वाचणं म्हणजे डोकेदुखी. आणि फोटोशॉपच्या पुस्तकात कॅमेरा रॉ वर (फोटोशॉपसोबत येणारं, रॉ फाइल उघडायचं साधन) मोठा धडा असेल तर तो सोडू नका, त्याच्या आत लाइटरूमचंच इंजिन आहे, स्लायडरही तेच, म्हणजे एका पुस्तकात दोन्हीचं थोडंथोडं होतं. ज्यांना एकच परवडतंय त्यांना मी हाच मार्ग सांगते.

प्रश्न : लाइटरूमच्या पुस्तकात पहिले ऐंशी पानं नुसतं इम्पोर्ट, कॅटलॉग आणि फोल्डर. कंटाळून मी ती सोडून थेट एडिटिंगला गेलो. आता निम्म्या फोटोंवर उद्गारचिन्ह येतंय आणि एडिट होत नाहीये. सगळं गेलं का?

उत्तर : गेलं नाही, हलवलंय. तुम्ही फोटोंचे फोल्डर लाइटरूमच्या बाहेरून, कॉम्प्युटरच्या साध्या खिडकीतून उचलून दुसरीकडे ठेवले असणार, किंवा नाव बदललं असणार. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो कधीच 'आत' नसतो. कॅटलॉग म्हणजे वाचनालयातली कार्डांची पेटी, कार्डावर लिहिलंय की पुस्तक अमुक कपाटात तमुक फळीवर, आणि तुम्ही त्या फोटोला काय काय केलंत तेही त्या कार्डावरच. कपाट हलवलंत आणि पेटीला सांगितलं नाहीत तर पेटी काय करणार. डावीकडच्या यादीत ज्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह आहे त्यावर राइट क्लिक करा, हरवलेला फोल्डर शोधायचा पर्याय आहे, नवीन जागा दाखवा, बहुतेक सगळं एका फटक्यात परत येईल. इथून पुढे हलवाहलव लाइटरूमच्या आतूनच.

मीही ती पानं सोडली होती, तुमच्यासारखीच. डिस्क भरली म्हणून एका रात्री सगळी वर्षं उचलून बाहेरच्या ड्राइव्हवर टाकली, सकाळी लाइटरूम उघडलं तर उद्गारचिन्हांची जत्रा. ते एक वेळ निस्तरलं असतं, पण मी घाबरून सगळे फोटो पुन्हा इम्पोर्ट केले, नव्याने, आणि जुनी कार्डं डिलीट केली. म्हणजे तीन वर्षांचं एडिटिंग मी स्वतःच्या हाताने फाडून टाकलं, मूळ फोटो मात्र ठणठणीत. तेव्हा उद्गारचिन्ह दिसलं की काहीही डिलीट करायचं नाही आणि पुन्हा इम्पोर्ट करायचं नाही, आधी शोधायचं. आणि बंद करताना लाइटरूम बॅकअप घेऊ का विचारतं तो फक्त कार्डांच्या पेटीचा बॅकअप असतो, फोटोंचा नाही, हे पण त्या ऐंशी पानांत कुठेतरी असतंच, मी नंतर जाऊन बघितलं, बोल्ड टाइपात होतं.

प्रश्न : माझ्याकडे गिम्प आहे, फुकट म्हणून. पुस्तकं सगळी फोटोशॉपची मिळतात. चालतील का?

उत्तर : चालतील, थोडं भाषांतर करत वाचावं लागेल. लेयर, मास्क, लेव्हल्स, कर्व्ह्ज, क्लोन, हीलिंग हे सगळं गिम्पमध्ये आहे आणि तसंच वागतं. जिथे अडखळाल त्या जागा सांगून ठेवते. पुस्तक म्हणेल ॲडजस्टमेंट लेयर घ्या, त्या नावाची वस्तू गिम्पमध्ये सापडणार नाही. जुन्या व्हर्जनमध्ये लेयरची कॉपी करून तिच्यावर कर्व्ह्ज लावायचे, हाच मार्ग होता. २०२५ मध्ये गिम्प ३.० आलं त्यात फिल्टर नंतर उघडून बदलता येतात, त्यामुळे असेल तर अपडेट करा, निम्मा त्रास कमी होईल. सेव्ह केलं की गिम्प स्वतःच्या एक्ससीएफ फॉरमॅटमध्येच सेव्ह करतं, जेपेगसाठी 'एक्सपोर्ट'. शॉर्टकट वेगळे. अनशार्प मास्कचा अमाउंट फोटोशॉपमध्ये टक्क्यांत, गिम्पमध्ये ०.५ असल्या दशांशात, तेव्हा वरच्या पक्षीवाल्याला जे आकड्यांचं सांगितलं ते तुम्हाला दुप्पट लागू. आणि रॉ फाइल गिम्प स्वतः उघडत नाही, सोबत डार्कटेबल किंवा रॉथेरपी टाकून घ्या, तीही फुकटच आहेत. डार्कटेबल जरा चक्रावून टाकतं, पहिल्या दिवशी घाबरू नका.

प्रश्न : इंग्रजी वाचता येतं पण ह्या पुस्तकांतले शब्द डिक्शनरीत बघितले तरी डोक्यात शिरत नाहीत. अनशार्प मास्कने फोटो शार्प कसा होतो? डॉज म्हणजे चुकवणे, मग फोटोत काय चुकवायचं? बर्न म्हणजे जाळायचं?

उत्तर : मस्त प्रश्न, आणि डिक्शनरीची चूक नाही, हे शब्द कॉम्प्युटरचे नाहीतच, डार्करूमचे आहेत. फिल्मच्या काळात कागदावर फोटो उतरवताना वरून एन्लार्जरचा उजेड पडायचा आणि कागदावर जिथे जास्त उजेड तिथे तो जास्त काळा व्हायचा. आता समजा चेहरा फार काळा येतोय, तर उजेड चालू असताना तारेला लावलेली एक पुठ्ठ्याची चकती मधेमधे चेहऱ्यावर धरायची, हलवत हलवत, म्हणजे तेवढ्या भागाने उजेड चुकवला, तो उजळ राहिला. हे डॉज. फोटोशॉपमधलं त्या टूलचं चित्र बघा, काडीला लावलेली तीच चकती आहे. बर्न उलटं, हाताची मूठ पोकळ करून किंवा पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच जागेवर जास्तीचा उजेड सोडायचा, तो भाग गडद. त्याचं चित्र म्हणजे तो पोकळ हात. हे एकदा डोळ्यासमोर आलं की कुठलं टूल उजळ करतं आणि कुठलं काळं ते परत पाठ करावं लागत नाही.

अनशार्प मास्कची गोष्ट त्याहून भारी. निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली उलटी कॉपी बनवायची आणि ती मूळ निगेटिव्हला चिकटवून दोन्हींतून उजेड पाडायचा. धूसर कॉपी मोठ्या भागांतला फरक थोडा कापते पण बारीक कडांपाशी कापू शकत नाही, कारण तिच्यात कडाच नाहीत, म्हणून कडा उठून दिसतात. धूसर होता तो मास्क, फोटो नाही. सॉफ्टवेअर आजही आतून हेच करतं, धूसर कॉपी बनवतं आणि मूळ फोटोशी तिचा फरक काढतं, आणि रेडियस म्हणजे ती कॉपी किती धूसर करायची ते.

थ्रेशहोल्ड म्हणजे आपला उंबरठा, तोच अर्थ घ्या. शेजारच्या पिक्सेलमधला फरक उंबरठा ओलांडत असेल तरच शार्प करायचं, नाहीतर बाहेर थांबा. गालाच्या त्वचेवरचे बारीकसारीक फरक उंबरठ्याच्या बाहेर राहतात, पापण्या आत येतात. फेदर म्हणजे सिलेक्शनची कडा कात्रीने कापल्यासारखी नको, विरत गेलेली हवी. क्लिपिंग म्हणजे छाटलं गेलेलं, जे कॅमेऱ्याच्या पट्टीबाहेर गेलं आणि नोंदलंच गेलं नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर असे पन्नासेक शब्द मी माझ्या भाषेत लिहिलेत, काही अर्थ चुकीचेही निघाले नंतर, ते खोडून पुन्हा लिहिले.

प्रश्न : दोन पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. वाचताना सगळं कळतं. आठवड्याने फोटो उघडला की हात थांबतो, काहीच आठवत नाही. स्मरणशक्तीवर काही उपाय?

उत्तर : कॉम्प्युटर बंद ठेवून वाचलीत ना? पोहण्याचं पुस्तक सोफ्यावर वाचल्यासारखं आहे ते.

पहिल्या पानापासून वाचूच नका. असं करा, तुमचाच एक फसलेला फोटो निवडा, मध्यम फसलेला, म्हणजे माणूस खिडकीसमोर उभा आहे आणि चेहरा काळा, खिडकी पांढरी, असा काहीतरी. त्याला काय दुखतंय ते आधी कागदावर साध्या शब्दांत लिहा, 'चेहरा काळा, खिडकी भगभगीत, शर्ट पिवळट'. मग पुस्तकाच्या मागच्या सूचीत शोधा. चेहरा म्हणून सापडणार नाही, शॅडोज, मास्क, व्हाइट बॅलन्स असं शोधावं लागेल, आणि हे शोधणं हाच अर्धा अभ्यास आहे. तेवढीच पानं वाचा आणि लगेच करा. दुसऱ्या दिवशी त्याच फोटोची मूळ कॉपी पुन्हा उघडा आणि पुस्तक मिटून करा, जिथे अडाल तिथेच उघडायचं. तिसऱ्या दिवशी दुसरा, तशाच दुखण्याचा फोटो. मी चेहऱ्याच्या सावल्यांवर सलग अकरा दिवस बसले होते, घरचे म्हणायला लागले की ह्या माणसाशी तुझं काही वाकडं आहे का.

आणि एका बैठकीत एकच टूल. ज्या दिवशी कर्व्ह्ज त्या दिवशी फक्त कर्व्ह्ज, पूर्ण फोटो 'छान' करायचा मोह टाळायचा, कारण मग आपण जे येतं तेच करत बसतो आणि जे शिकायला बसलो ते बाजूला राहतं. प्रत्येक सरावाची लेयरवाली फाइल ठेवून द्या, तारीख घालून. सहा महिन्यांनी उघडल्यात की लाज वाटेल असं रंगकाम दिसेल, सगळ्यांचं दिसतं, सॅच्युरेशनचा ताप प्रत्येकाला एकदा येऊन जातो.

प्रश्न : सगळं केलं, स्क्रीनवर फोटो झकास, प्रिंट काढली तर काळवंडलेली. पुस्तकात प्रिंटवर चार पानं आहेत, त्यात उत्तर नाही.

उत्तर : स्क्रीनचा ब्राइटनेस फार वर आहे. लॅपटॉप बहुतेक जण पूर्ण उजेडावर वापरतात, मग फोटो खरा असतो त्यापेक्षा उजळ दिसतो, आपण तो आणखी काळा करतो आणि कागद बिचारा जे दिलं ते छापतो. आधी ब्राइटनेस निम्म्यावर आणून बघा, शेजारी तीच प्रिंट खोलीच्या साध्या उजेडात धरा आणि दोन्ही साधारण सारखे दिसेपर्यंत कमी करत जा. हे काही शास्त्रशुद्ध नाही. शास्त्रशुद्ध म्हणजे कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड-रंग मोजणारं यंत्र) लावून उजेड चौरस मीटरला १२० कँडेलाच्या आसपास आणि पांढरा ६५०० केल्व्हिनला बसवणे, पण प्रिंट क्वचितच काढत असाल तर पहिल्या उपायाने भागतं. साइजचं गणित चार पानांत असेलच, तरी सांगते, इंचाला ३०० पिक्सेल धरून ३०० ने भागायचं, ६००० गुणिले ४००० चा फोटो २० गुणिले साधारण १३ इंच.

प्रश्न : छापील पुस्तक घ्यावं की पीडीएफ?

उत्तर : स्क्रीन एकच असेल तर छापील, नाहीतर पान आणि फोटोशॉप ह्यांच्यात उड्या मारता मारता स्टेप विसरायला होते. दुसरी स्क्रीन किंवा टॅब असेल तर पीडीएफ बरी, त्यातले 'आधी-नंतर' झूम करून बघता येतात आणि वर म्हटलं ती ठिपक्यांची भानगड नाही. छापील पुस्तकाची एकच कटकट, ही जाड पुस्तकं टेबलावर उघडी राहत नाहीत, नेमका दोन्ही हात कीबोर्डवर असताना पान मिटतं. मी त्यावर लॅपटॉपचा चार्जर ठेवते.